पिस्तुलाची छाप आणि सुरक्षिततेचा बाजार

वसई रोड, नालासोपारा किंवा विरार स्थानकाबाहेरच्या बाजारपेठेत पेढी थाटून बसलेल्या एखाद्या सराफाला शस्त्राचा परवाना मंजूर झाला, की त्याच्यापुढे लागलीच एक प्रश्न उभा राहतो : पिस्तूल कोणत्या छापाचे घ्यावे? सल्लागारांची वाण नसते. एक स्नेही जुन्या जर्मन वॉल्थरची थोरवी गातो, दुसरा अमेरिकी कोल्टचे किंवा बेल्जियन ब्राउनिंगचे नाव घेतो, तिसरा व्यवहारी गृहस्थ सरकारी आयुध कारखान्यांचे ‘अशनी’ घ्या म्हणतो, आणि घरातला एखादा उत्साही पुतण्या नव्याने बाजारात उतरलेल्या खाजगी कारखान्यांची नावे पुढे करतो. मोटार किंवा शीतकपाट घेताना चार दुकाने हिंडावीत, भाव काढावेत आणि मग मन पक्के करावे, तशीच ही एक खरेदी आहे, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते.

हे गृहीत तपासून पाहण्यासारखे आहे. बाजारात ग्राहक सार्वभौम असतो, असे अर्थशास्त्राची क्रमिक पुस्तके सांगतात. परंतु पिस्तुलाच्या बाबतीत ग्राहकाने दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच बहुतेक निर्णय होऊन गेलेले असतात. काही कायद्याने केलेले असतात, काही औद्योगिक धोरणाने आणि काही इतिहासाने. ग्राहकाच्या वाट्याला उरणारी निवड अगदी अरुंद असते. त्या अरुंद निवडीतही ज्या छापेकडे त्याचे सारे लक्ष लागलेले असते ती सर्वांत कमी महत्त्वाची ठरते. आणि ज्या गोष्टींवर त्याचा व त्याच्या कुटुंबीयांचा जीव अवलंबून राहणार, त्यांची चौकशी क्वचितच होते.

मागणी कोठून आली?

केळीच्या बागा, फुलशेती आणि मिठागरे यांचा हा टापू उपनगरी रेल्वेच्या आधाराने पाहता पाहता शहर झाला. जमिनीला सोन्याचा भाव आला आणि जमिनीमागून पैसा, पैशामागून भीती आली. १९८९ साली नालासोपारा रेल्वे स्थानकावर एका बांधकाम व्यावसायिकाचा गोळ्या घालून खून झाला. ती घटना या भागातील जुन्या रहिवाशांच्या स्मरणात आजही आहे. मात्र शहर ज्या वेगाने वाढले त्या वेगाने शासनयंत्रणा वाढली नाही. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिच्या हद्दीतील लोकसंख्या बारा लाखांवर भरली. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला, आणि मिरा-भाईंदर व वसई-विरार यांसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले ते ऑक्टोबर २०२० मध्ये. वस्ती आधी आणि बंदोबस्त मागाहून, असा हा क्रम आहे. पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज करणारा माणूस या दोहोंमधील अंतरात उभा असतो.

आता आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे. पूर्वी त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे लागे. परवाना हा हक्क नव्हे, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवली पाहिजे. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला. भारतात तशी तरतूद नाही. ब्रिटिशांनी १८७८ च्या कायद्याने हिंदी जनतेला निःशस्त्र केले आणि युरोपियनांना मोकळीक ठेवली, म्हणून राष्ट्रीय सभेने त्या कायद्याविरुद्ध वर्षानुवर्षे ठराव केले. स्वतंत्र भारताने तो कायदा रद्द करून १९५९ चा शस्त्र अधिनियम केला. त्यातून वंशभेद गेला, परवाना मात्र राहिला. २०१६ च्या नियमांनी अर्जदारावर शस्त्रहाताळणीच्या प्रशिक्षणाची अट घातली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगावयाच्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. लग्नाच्या वरातीत हर्षभराने बार काढणाऱ्यांस शिक्षेची तरतूदही त्याच दुरुस्तीने केली.

‘.३२’ ची चौकट

चित्रपटांत आणि वृत्तपत्रीय छायाचित्रांत जी पिस्तुले दिसतात ती बहुधा ९ मिलिमीटरची असतात. सैन्य व पोलीस यांच्याजवळ असलेल्या या मापाची शस्त्रे सामान्य परवानाधारकास निषिद्ध आहेत; .३८ आणि .४५ या मापांचीही गोष्ट तीच. सरकारी काडतुसे खाजगी हाती जाऊ नयेत हा त्यामागचा जुना हिशेब होय. म्हणून ऑस्ट्रियाच्या ग्लॉकची कितीही कीर्ती ऐकली, तरी तिचे सैनिकी मापाचे पिस्तूल वसईच्या सराफाच्या यादीत येऊच शकत नाही. त्याच्यासाठी व्यवहारतः उरते ते .३२ बोअर. युरोपात हेच माप ७.६५ मिलिमीटर म्हणून ओळखले जाते.

हे काडतूस जॉन ब्राउनिंग या अमेरिकी संशोधकाने बेल्जियमच्या एफ. एन. कारखान्यासाठी आखले आणि ते १८९९ च्या सुमारास प्रचारात आले. त्यातील गोळीचे वजन जेमतेम साडेचार ग्रॅम. धक्का कमी आणि पिस्तूल आटोपशीर, यांमुळे गेल्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील अनेक पोलीस दलांनी ते पसंत केले. १९०३ चे कोल्ट, १९१० चे ब्राउनिंग आणि १९२९ चे वॉल्थर पीपी ही सर्व याच मापासाठी बनवली गेली. आजच्या भारतीय ग्राहकापुढील निवड कितीही नवी भासली, तरी तिचा गाभा सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे.

महाराष्ट्राला तर ‘ब्राउनिंग’ हे नाव जाहिरातीतून कळलेच नाही. लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात धाडली आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर त्यांपैकी एकातून गोळ्या झाडल्या. तेव्हापासून हे नाव मराठी घरांत इतिहासाच्या पानांतून पोचले. परदेशी छापेभोवती आजही जे वलय दिसते, त्यात या जुन्या आठवणींचाही थोडा अंश असावा.

१८९९ याच वर्षी थॉर्स्टिन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाचा विश्रांत वर्गावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. काही वस्तू उपयोगासाठी घेतल्या जात नाहीत, त्या दिसाव्यात म्हणून घेतल्या जातात, हे त्याने दाखवून दिले. कमरेच्या पट्ट्याला लावलेले पिस्तूल सदऱ्याखालून किंचित दिसेल अशी काळजी घेणारी मंडळी व्हेब्लेनला चांगली उमजली असती.

मक्तेदारीची किंमत

१९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावाने शस्त्रे व दारूगोळा यांचे उत्पादन ‘अ’ परिशिष्टात, म्हणजे केवळ शासनासाठी राखून ठेवले. तरीही काही काळ परदेशी पिस्तुले देशात येत राहिली. १९८० च्या दशकाच्या मध्यास सर्वसामान्यांसाठी होणारी ही आयात बंद झाली. त्यानंतर पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या नव्या मालाचा एकच पुरवठेदार उरला, तो म्हणजे सरकारी आयुध कारखाने.

एकाच विक्रेत्याच्या बाजारात काय घडते ते विद्यार्थ्यांना पाठ असते. माल कमी, भाव चढा आणि सुधारणा मंद. आयुध कारखान्यांचे .३२ चे रिव्हॉल्व्हर हे मूळ ब्रिटिश वेब्ली नमुन्यावर बेतलेले. त्याची मधोमध मोडण्याची रचना दशकामागून दशके कायम राहिली. ग्राहकाने तक्रार करावी तर पर्याय नव्हता. २०१४ च्या आरंभी कानपूरच्या कारखान्याने महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे हलके रिव्हॉल्व्हर आणले. त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती. त्या वर्षीच्या सरासरी दरडोई राष्ट्रीय उत्पन्नाहून हा आकडा बराच मोठा होता. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अमानुष घटनेनंतर स्त्रियांच्या सुरक्षिततेविषयी देशभर संताप उसळला होता, हे खरे. परंतु रात्री शेवटच्या गाडीने विरारला उतरणाऱ्या परिचारिकेला किंवा कारखान्यातील कामगार स्त्रीला वर्षभराच्या कमाईएवढे शस्त्र सुचवणे हे त्या संतापाचे उत्तर होते काय?

आयातबंदीचा दुसरा परिणाम जुन्या मालावर झाला. बंदीपूर्वी आलेली वॉल्थर, कोल्ट, ब्राउनिंग ही पिस्तुले परवानाधारकांच्या आपसांतील व्यवहारांत हात बदलत राहिली आणि नव्या देशी पिस्तुलापेक्षा कितीतरी अधिक मोल मिळवू लागली. या भावात गुणवत्तेचा वाटा थोडा आणि दुर्मिळतेचा मोठा असतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींचा दाखला देऊन असे दाखवले, की विकणाऱ्याला मालातील दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला ते कळत नाहीत आणि अशा बाजारात वाईट माल चांगल्याच्या भावाने खपू पाहतो. पन्नास-साठ वर्षांच्या पिस्तुलाची नळी किती झिजली आहे, स्प्रिंग किती थकली आहे आणि मॅगझिनची ओठे वाकली आहेत की काय, हे मोटारीच्या इंजिनाहूनही अधिक गुप्त असते. मोटार रस्त्यात बंद पडली तर ढकलता येते. पिस्तूल ज्या क्षणी हवे, त्या क्षणी अडले तर दुसरी संधी नसते.

शासनाची दृष्टी करआकारणीत चांगली दिसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांवरील वस्तू व सेवा कराचा दर २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला. खाजगी विमाने व क्रीडानौका ज्या गटात बसवली गेली, त्याच गटात पिस्तूलही बसवले गेले. एकीकडे परवाना देताना ‘जीविताला गंभीर धोका’ ही कसोटी लावायची आणि दुसरीकडे कर लावताना तीच वस्तू चैनीची मानायची, यात विसंगती आहे. या दोहोंपैकी कोणते मत खरे, याचे उत्तर मात्र बहुधा ग्राहकागणिक वेगळे निघेल.

स्पर्धेचे आगमन

२००१ साली संरक्षण-उत्पादनाचे क्षेत्र खाजगी भांडवलाला खुले झाले आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनंतर खाजगी कारखान्यांची वाट अधिक स्पष्ट झाली. २०२० मध्ये बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट या जुन्या नावाने लखनौच्या एका भारतीय कंपनीच्या सहकार्याने उत्तर प्रदेशातील संडीला येथे .३२ रिव्हॉल्व्हरचे उत्पादन हाती घेतले. ज्या नमुन्याच्या आधारे सरकारी कारखाने इतकी वर्षे रिव्हॉल्व्हर बनवत आले, तो नमुना ज्या नावाचा, तेच नाव प्रतिस्पर्धी होऊन दारात उभे राहिले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडीत काढून त्याचे ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटण्यात आले. त्यांपैकी कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ हे रिव्हॉल्व्हर सादर केले. त्याचे चक्र बाजूला उघडते, मधोमध मोडावे लागत नाही. अर्धस्वयंचलित पिस्तुलांतही ‘अशनी’ला आता खाजगी कारखान्यांचे स्पर्धक मिळू लागले आहेत.

स्पर्धा आली आणि सुधारणा दिसू लागली, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. परंतु स्पर्धेचे दुसरेही अंग आहे. साबण बनवणारे दोन कारखाने स्पर्धा करतात तेव्हा ते एकमेकांचे ग्राहक ओढतात आणि नवे ग्राहकही निर्माण करतात. साबण अधिक खपला तर समाजाचे भलेच होते. पिस्तुलांच्या बाबतीत तसे म्हणता येणार नाही. भीती ही येथील मागणीची जननी आहे, आणि भीती वाढवणे हा खप वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय ठरू शकतो. म्हणून या धंद्यात गुणवत्तेची स्पर्धा हवी. जाहिरातीची स्पर्धा नको.

निवडीचे खरे निकष

मग परवाना हाती असलेल्या माणसाने निवड करावी तरी कशी? पहिला निर्णय छापेचा नसून जातीचा आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या फिरत्या चक्रात असतात. एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढताच पुढचे समोर येते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात काडतुसे मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात; एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामे टरफल बाहेर फेकतो आणि नवे काडतूस नळीत भरतो. चाप मात्र प्रत्येक गोळीसाठी नव्याने ओढावा लागतो, म्हणून ते ‘अर्ध’स्वयंचलित. यात काडतुसे सहसा अधिक मावतात आणि शस्त्र चपटे असल्याने बाळगण्यास सोयीचे पडते. त्याची किंमत अशी, की काडतूस अडकले तर ते मोकळे करण्याची क्रिया हाताच्या अंगवळणी पडलेली असावी लागते. दुसरा धोका याहून मोठा. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे नव्हे. नळीत एक काडतूस शिल्लक राहिलेले असू शकते. या एका विस्मरणाने जगभर असंख्य घरांत आक्रोश झाला आहे.

जात ठरल्यावर विचारावयाचे प्रश्न साधे आहेत. पिस्तूल घेणाऱ्याच्या तळहातात नीट बसते काय? सरकता भाग त्याला, आणि म्हातारपणी बोटांतले बळ कमी झाल्यावरही, मागे ओढता येईल काय? चाप इतका हलका नाही ना, की घाबरलेले बोट नकळत तो ओढील? खाली पडल्यास गोळी सुटू नये अशी यंत्रणा आहे काय? सुटे भाग आणि दुरुस्ती कोठे मिळते? आणि सर्वांत महत्त्वाचे, भारतात मिळणारी काडतुसे त्यात न अडकता चालतात काय? ही काडतुसे मुख्यतः सरकारी कारखान्यांतून येतात. २०२१ नंतर दारूगोळ्याचे हे काम पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे आहे. जर्मनीत घडलेले पिस्तूल आणि भारतात घडलेले काडतूस यांचे जमले नाही, तर जर्मन कारागिरी कामास येत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत या पूरक वस्तू होत, आणि पूरक वस्तूंची निवड एकेकटी करता येत नाही.

अडचण अशी, की यांतील बहुतेक प्रश्नांची उत्तरे ग्राहकाला मिळण्याची सोय नाही. दुकानात गोळी झाडून पाहता येत नाही. मोठ्या खरेदीदारांचे तसे नसते. अमेरिकेच्या भूदलाने १९८५ साली स्वीकारलेल्या बेरेटा पिस्तुलाच्या जागी नवे पिस्तूल घेताना स्पर्धक पिस्तुलांच्या चाचण्या घेतल्या आणि जानेवारी २०१७ मध्ये सिग सावर या कंपनीला ५८ कोटी डॉलरपर्यंतचे कंत्राट दिले. ग्लॉक कंपनीने आक्षेप घेतला. तो त्याच वर्षी जूनमध्ये फेटाळला गेला. त्या निर्णयाचे कागद पाहता, दोन्ही स्पर्धक तोलामोलाचे असताना किमतीतील मोठा फरक निर्णायक ठरला, असे दिसते. गंमत अशी, की त्याच मालिकेतील पिस्तूल चाप न ओढताही सुटते अशा तक्रारी पुढे अमेरिकेत न्यायालयांपर्यंत गेल्या. कंपनीने त्या नाकारल्या. एवढे तज्ज्ञ आणि एवढे द्रव्य हाताशी असूनही ज्या निवडीचा वाद मिटला नाही, ती निवड वसईतील सराफाने स्नेह्यांच्या गप्पांवरून करावी, अशी आपली व्यवस्था आहे.

छाप आणि कौशल्य यांचे नाते पाहावयाचे तर कोल्हापूरकडे पाहावे. तेथील राही सरनोबत यांनी २०१८ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. हा प्रकार .२२ मापाच्या, सहसा अर्धस्वयंचलित पिस्तुलाने खेळला जातो. नेमबाजांच्या जगात छापांची स्पर्धा खरी असते. मूठ हाताच्या मापाने घासून घेतली जाते, चापाचे वजन किमान एक किलोग्रॅम भरते की नाही हे पंच तोलून पाहतात. तरीही पंचवीस मीटरवरील पाच सेंटिमीटरच्या वर्तुळात गोळी घालणारा हात वर्षानुवर्षांच्या सरावाने घडतो. उलटपक्षी, लाख-दीड लाख रुपयांचे शस्त्र घेणारा गृहस्थ पुढील पाच वर्षांत पन्नास गोळ्या तरी झाडतो काय? शस्त्रावर केलेला खर्च आणि सरावावर केलेला खर्च यांचे प्रमाण इतके व्यस्त असेल, तर त्याने घेतलेली वस्तू सुरक्षितता नव्हे, सुरक्षिततेचा केवळ भास होय.

हिशेबाबाहेरचा खर्च

आणि या भासाचा खर्च पुष्कळदा दुसऱ्यालाच भरावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्याच परवान्यावरील रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्या पायाला जखम झाली. तेथे निदान मालकाचीच हानी झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत दहिसर येथे समाजमाध्यमावर थेट प्रक्षेपण चालू असताना एका माजी नगरसेवकाचा खून झाला. मारेकऱ्याने वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचे होते, असे पोलिसांनी सांगितले. परवाना एकाच्या नावाचा, बोट दुसऱ्याचे आणि प्राण तिसऱ्याचा. शस्त्र कपाटात आहे म्हणजे ते आपल्या ताब्यात आहे, ही समजूत किती लटकी आहे हे यावरून दिसावे.

अमेरिकेत आर्थर केलरमन व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, घरात बंदूक असलेल्या कुटुंबांत घरातच खून होण्याचा धोका सुमारे पावणेतीनपट आढळला. मुळातच धोक्यात असलेले लोक शस्त्र घेतात, तेव्हा कारण कोणते आणि परिणाम कोणता, असा आक्षेप त्यावर घेतला गेला आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. अमेरिका आणि वसई यांची तुलनाही सरळ होत नाही. तरी एवढे खरे, की दरोडेखोर आयुष्यात एकदा येईल वा येणारही नाही. घरातील भांडण, मद्य, नैराश्य आणि लहान मुलांचे कुतूहल ही मात्र घरातच राहतात. खरेदीच्या हिशेबात त्यांची नोंद कोणीच करीत नाही.

सुरक्षितता विकत घेण्याच्या व्यवहाराला वसईत एक मोठा ऐतिहासिक दाखला आहे. पुण्याजवळील हडपसरच्या लढाईनंतर पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत इंग्रजांशी तह केला. कंपनीची तैनाती फौज पदरी घेतली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. गादी तात्पुरती वाचली, राज्य गेले. संरक्षणाचा सौदा करताना फौज किती आणि तोफा कोणत्या याची चौकशी झाली असेल. त्या सौद्याने आपण काय गमावतो, याचा विचार झाला नाही. पिस्तूल घेणाऱ्या नागरिकाचा व्यवहार फार लहान, पण प्रश्न त्याच जातीचा आहे.

सार्वजनिक सुरक्षितता ही रस्त्यावरच्या दिव्यासारखी वस्तू आहे. दिवा लागला की सराफालाही उजेड मिळतो आणि त्याच्या दुकानात पहाटे झाडू मारणाऱ्या मुलालाही. पिस्तुलाचा उजेड फक्त मालकापुरता, आणि तोही त्याचा हात स्थिर असेल तर. ज्यांना खरोखरच गंभीर धोका आहे अशांना परवाना नाकारावा, असे यातून निघत नाही. उलट त्यांना शस्त्र मिळावे ते चांगले, तपासलेले आणि वाजवी किमतीचे मिळावे. त्यासाठी सरकारी असो की खाजगी, प्रत्येक कारखान्याच्या पिस्तुलाच्या चाचण्यांचे निष्कर्ष शासनाने प्रसिद्ध करावेत. किती गोळ्यांत किती वेळा अडले आणि किती उंचीवरून पाडले असता सुरक्षित राहिले, एवढे जरी छापले, तरी छापांच्या गप्पा आपोआप ओसरतील. खरेदीपूर्वी मान्यताप्राप्त नेमबाजी केंद्रावर शस्त्र चालवून पाहण्याची सोय असावी. परवान्याचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होताना कागदांबरोबर हातही तपासला जावा, आणि घरी कुलूपबंद पेटी आहे की नाही हे कोणीतरी प्रत्यक्ष पाहावे.

हे सर्व झाले तरी वसई-विरारच्या लक्षावधी नोकरदारांना त्याचा उपयोग नाही. ते पिस्तूल घेणार नाहीत आणि घेऊ नयेत. त्यांच्या वाट्याची सुरक्षितता पोलीस चौकीत, स्थानकाबाहेरच्या उजेडात आणि तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदाराच्या तत्परतेत आहे. ती पुरेशी मिळू लागली, तर सराफालाही कोणत्या छापाचे पिस्तूल घ्यावे या प्रश्नापूर्वी एक दुसरा प्रश्न स्वतःला विचारण्याची उसंत मिळेल : ते घ्यावे काय?